सोड म्हटल्याशिवाय

हे घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मामेभाऊ. तो आजही आमच्यात आहे, पण मागच्या कापूस वेचणीपासून तो पूर्वीसारखा नाही.

भुताखेताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात.

ही दुपारची आहे.

लख्ख ऊन होतं. आजूबाजूच्या वावरात माणसं होती. लांब कुठंतरी थ्रेशर चालला होता. ठिकाण म्हणजे वरवट बकालच्या पुढची काळी, सपाट रानं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि डोक्यावरून एका ओळीत गेलेले विजेच्या मोठ्या लाइनीचे टॉवर.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. म्हणून दादानं हे सगळं मला सांगितलं. म्हणाला, "तुले तरी यातलं काही समजते का पाह्य." मी त्याचं एकेक वाक्य उलटसुलट करून पाहिलं. त्याचा जोडीदार अल्तमश याला वेगळं विचारलं. ज्या बाईंच्या वावरात हे झालं त्यांना जाऊन भेटले. तिघांचं सांगणं कुठंच फाटत नाही.

फाटलं असतं तर बरं झालं असतं.

दादाचं नाव शिवम. गोष्ट त्याची आहे, म्हणून इथं त्याला नावानंच हाक मारते.

शिवमचं काम पाइपलाइन तपासण्याचं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून डोंगराकडून गोडं पाणी आणणारा पोलादी पाइप जमिनीखालून गेलेला आहे. पोलाद मातीत गंजतं, खाऱ्या मातीत तर हपापल्यासारखं गंजतं. ते गंजू नये म्हणून पाइपाला कायम थोडी वीज देऊन ठेवतात. पण वरवटच्या पुढं हा पाइप टॉवरच्या लाइनीची सावली धरून चालतो. वरच्या तारांनी पाइपाला स्पर्शही केलेला नाही, तरी त्यांच्यामुळं खाली पाइपात वीज उतरते. पाइपावरच्या लेपाला कुठं टाचणीएवढं जरी भोक असलं, तरी ती वीज तिथून मातीत पळते, आणि पळता पळता लोखंड खाते.

कुठं खाल्लं जातंय ते शोधायचं. रोग दिसत नाही, फक्त आकडा दिसतो.

पाइपलाइनवर जागोजागी कमरेएवढे खांब आहेत. त्यांना टेस्ट पोस्ट म्हणतात. खांबाच्या आतून एक केबल थेट पाइपापर्यंत गेलेली असते, तिचं वरचं टोक झाकणाखाली एका खिळ्याला जोडलेलं असतं. त्या खांबाला केसासारखी बारीक तांब्याची तार क्लिपनं अडकवायची, तारेचं रीळ कमरेला बांधायचं, दोन हातांत मीटरला जोडलेल्या दोन काठ्या घ्यायच्या आणि पाइपाच्या डोक्यावरून चालत सुटायचं. पावलागणिक काठी टेकवायची. छातीवरचं मीटर आकडा टिपत जातं. मागं तार सुटत जाते. पोरं ओरडतात, "कोळी चालला, कोळी चालला."

क्लिप नीट बसली नाही तर आकडा उड्या मारतो आणि सगळा टप्पा पुन्हा चालावा लागतो. म्हणून पूर्वी खांबापाशी एक माणूस उभा करत. त्यानं क्लिप हातानं दाबून धरायची. आता तसं कोणी करत नाही, करूही नये. पण त्या काळातली खूण या लोकांच्या हातात अजून आहे.

खांबाकडून तारेला दोन हिसके आले, म्हणजे तिथला माणूस विचारतोय, सोडू का?

चालणाऱ्यानं एक हिसका दिला, म्हणजे धर.

दोन दिले, म्हणजे सोड.

आणि नियम एकच. सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही.

त्या दिवशी खांबापाशी पोचल्यावर अल्तमशनं आधी झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"गेला नट! पितळेचा होता ना, नेला कोनीतरी भंगारात. लोकायनं टॉवर खोलून नेले नाही हेच नशीब समज."

अल्तमश वरवटचाच. वडील अब्दुल गनी यांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान. तांब्याच्या तारेत खेळून मोठा झालेला माणूस. त्याच्या बायकोला, नसीमाला, नुकतीच मुलगी झाली होती, आणि दर चहाला तो मोबाइलमधला तिचा फोटो दाखवायचा.

"क्लिप बसते का पाह्य," शिवम म्हणाला.

"बसते, पन नव्या जवायावानी. आत्ता उठू का मंग उठू, असं करून राह्यली."

त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढून क्लिप खिळ्याला आवळून बांधली. एवढ्यात कापसाच्या उभ्या पराटीतून एक बाई बाहेर आली. साठीच्या पुढची. कमरेला कापसाची ओटी. ती थोडी लांबच थांबली.

"वायरवाले का रे बापू तुमी?"

"हाव मावशी. पाइपलाइनवाले."

"मानूस लागते का धराले?"

अल्तमश हसला. "काऊन मावशी, तुमी धरता का? हजेरी लावतो तुमची."

बाई हसली नाही. ती अल्तमशकडं पाहतही नव्हती. खांबाच्या शेजारी, जिथं कोणीच नव्हतं तिथं पाहत होती.

"मी काऊन धरू," ती म्हणाली. आणि पुन्हा पराटीत शिरली.

शिवम तेव्हा मीटर लावण्यात गुंतला होता. मागून अल्तमश काहीतरी म्हणाला. शिवम "हं" म्हणाला. काय म्हणाला ते ऐकलं नव्हतं.

तो तुरीत शिरला.

तूर डोक्याच्या वर गेलेली. पिवळा फुलोरा. चार पावलांत मागचा खांब दिसेनासा झाला. सुरुवातीला आकडा उड्या मारत होता. क्लिप हलत असणार. आता मागं फिरावं लागणार, असं शिवमच्या मनात आलं…

आणि आकडा थांबला.

असा थांबला की शेवटचा अंकही हलेना. शिवमला वाटलं, अल्तमशनं कंटाळून क्लिप हातानंच दाबून धरली.

"बे, मोजे घाल हातात!" तो ओरडला.

मागं नुसती तूर होती.

तो चालत राहिला. काठी, पाऊल. काठी, पाऊल. मग त्याच्या लक्षात आलं की काहीतरी कमी आहे.

मोठ्या लाइनीखाली कायम एक गुणगुण असते. मधाच्या पोळ्याजवळ उभं राहिल्यासारखी. शिवमला ती इतकी सवयीची, की असताना ऐकू यायची नाही.

आता ती नव्हती…

थ्रेशरही नव्हता. झाडावरचे होले घुमत नव्हते. फक्त त्याच्या काठ्या मातीत रुतल्याचा आवाज.

आणि मग कमरेच्या रिळाला हिसका बसला.

एक… आणि दोन.

हलकेच. कोणी बाहीला धरून लक्ष वेधावं तसे.

सोडू का?

"एवढ्यात?" शिवम पुटपुटला. त्यानं तारेला एक हिसका दिला. धर.

तूर संपली, कापूस लागला, पुन्हा तूर लागली. आकडा दगडासारखा.

परत दोन हिसके. या वेळी जरा सावकाश.

शिवमनं परत एक दिला.

टप्पा संपत आला होता, रस्त्यावरचा पुढचा खांब दिसू लागला होता, तेव्हा तिसऱ्यांदा तार ओढली गेली. एक हिसका… मग बराच वेळ काहीच नाही… मग दुसरा. हात भरून आलेल्या माणसाचा.

शिवम वैतागला. ऊन डोक्यात चढलेलं. दहा पावलं राहिली आणि याला दम निघत नाही!

"धर बे!" तो ओरडला, आणि त्यानं तारेला जोरात एक हिसका दिला.

त्यानंतर कोणी विचारलं नाही.

रस्त्यावर गाडी उभी होती. गाडीच्या बॉनेटवर बसून अल्तमश बोरं खात होता.

"लय वेळ लावला बे," तो बी थुंकत म्हणाला.

शिवम थांबला. "तू अथी कसा?"

"कसा म्हंजे? सांगून आलो ना तुले, गाडी पुढं आनतो म्हनून. तू हं म्हटलं."

"कधी आला?"

"तू तुरीत शिरला आन मी निंगालो. काऊन? तोंड कायले पाडलं असं?"

"मंग मांगं क्लिप कोनं धरली होती?"

"कोनं म्हंजे? टूबनं बांधली होती ना, तुह्याच समोर…"

अल्तमश त्याच्या मागं पाहायला लागला.

शिवमच्या मागं धुळीत पडलेली तार वर उचलली गेली होती. ताणली गेली. सैल पडली. परत ताणली गेली.

दोघांनीही पाहिलं.

"कुत्रं असन," अल्तमश म्हणाला. त्यानं हातातली बोरं खिशात टाकली.

शिवमला तेव्हा एक साधी गोष्ट आठवली होती. ती आधीच आठवायला हवी होती. हिसक्याची खूण शे-दोनशे पावलांपर्यंतच पोचते. पुढं तार धसकटात, झुडपांत अडकते, सैल पडते, खेच मधेच जिरते. इथं तर अख्खं शिवार मधे होतं. आणि ते हिसके असे आले होते, की ओढणारा हातभर अंतरावर असावा.

त्यानं रीळ कमरेचं सोडून पुढच्या खांबाला टांगलं, तार न तोडता. दोघं तारेच्या कडेकडेनं मागं चालत गेले. कुत्रं नव्हतं. बकरी नव्हती. मऊ मातीत शिवमच्या बुटांचे ठसे तेवढे होते.

खांबापाशी ट्यूब तुटून पडली होती.

आणि क्लिप गवतात होती. तिच्यावरून मुंग्या ये-जा करत होत्या.

म्हणजे तार कशालाच जोडलेली नव्हती. मोकळ्या तारेवर मीटर वाट्टेल ते दाखवतं, क्षणाला एक. शेवटचा अंकही न हलता, टप्पाभर, पाइपाचाच वाटावा असा आकडा येऊ शकत नाही. मी स्वतः याचा पुष्कळ विचार केला आहे. येऊ शकत नाही.

"सोड ना बे," अल्तमश म्हणाला. "उद्या येऊ. मले हे बराबर नाही वाटून राह्यलं."

इथं शिवमची चूक झाली. अशा माणसांचीच होते. त्याला भीती वाटली होती, पण भीतीपेक्षा आकडा मोठा वाटला. निघायच्या आधी एकदा, फक्त एकदा, खऱ्या जोडणीचा आकडा पाहायचा होता.

"नाही," तो म्हणाला. "धर."

अल्तमशनं सुस्कारा सोडला. मोजा घातल्यावर क्लिप बोटांत येईना, म्हणून मोजा काढून काखेत धरला आणि क्लिप खिळ्यावर दाबली. शिवमनं मीटर लावून पाहिलं. नऊ व्होल्ट. नऊ व्होल्टला मुंगीही मरत नाही.

"हं. पाह्यलं. आता सोड."

अल्तमशचा हात तिथंच राहिला.

"सोड ना."

"सुटून नाही राह्यला," अल्तमश म्हणाला. आधी हसतच म्हणाला.

मग शिवमनं पाहिलं. अल्तमशची बोटं मिटत होती. झटक्यानं नाही, एकेक करून. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं. कोणीतरी वरून आपला हात ठेवून, नीट समजावून, मूठ वळवून द्यावी तशी. क्लिप आणि खिळा दोन्ही मुठीत गेले.

"शिवम. मजाक नाही करून राह्यलो बे. माह्या हातावर हात आहे कोनाचा तरी."

करंट माणसाला धरतो, हे खरं आहे. स्नायू आखडतात, मूठ उघडत नाही. पण नऊ व्होल्टला नाही. कोरड्या हातानं, रबरी बुटांत उभ्या माणसाला तर नाहीच. शिवमनं आपले मोजे चढवले आणि अल्तमशची बोटं उकलायला लागला. सगळा जोर लावला. बोटं बर्फासारखी गार होती आणि लाकडासारखी घट्ट. केबल काँक्रीटच्या आतून आलेली, कापायला जागा नव्हती.

त्यानं मीटरकडं पाहिलं. अकरा.

दिवस कलला होता. शेतीच्या मोटारींची पाळी सुरू होत होती. वर लाइनीवर भार चढला, की खाली पाइपातही चढतो. तेरा. सोळा.

"हात मुंग्या आल्यावानी होऊन राह्यला," अल्तमश म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "नसीमाले फोन लाव. नाही, नको लावू."

आणि सातपुड्याकडं ढग वाजला.

अवेळी, कापसाच्या दिवसांत. ढग वाजले की तार टाकून लांब व्हायचं, ही या कामातली पहिली शिकवण. एखाद्या टॉवरवर वीज उतरली, तर पाइपात एका क्षणात हजारांनी व्होल्ट चढतात. तिथं रबरी बूट काही कामाचे नाहीत.

"सोड अल्तू! सोड म्हणतो ना मी!"

"मी कुठी धरलं बे!" अल्तमश रडकुंडीला येऊन ओरडला. "मी नाही धरलं!"

आवाज ऐकून ती बाई पराटीतून आली. ओटी सुटून कापूस मागं सांडत होता, तिचं लक्ष नव्हतं. तिनं अल्तमशच्या मुठीकडं पाहिलं. मग त्याच्या खांद्याच्या थोडं मागं पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अजून नाही का हो झालं?" ती म्हणाली. "सोडा ना हो आता. लेकरू आहे दुसऱ्याचं."

घरच्या माणसाशी बोलावं तसं. नवऱ्याशी.

शिवमनं तिकडं पाहिलं, तिथं कोणीच नव्हतं. "कोनाशी बोलता मावशी?"

बाईंचं नाव सोजराबाई. त्यांनी तेव्हा जे सांगितलं तेच मलाही सांगितलं, त्याच शब्दांत.

"माह्ये मालक. पंजाबराव. पाइप टाकला त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. असेच वायरवाले आले व्हते. चिमटा बसे ना. हे वावरात काम करत व्हते. तो साहेब म्हने, काका, येवढं धरा जरासं, मी सोड म्हटल्याशिवाय सोडू नका. ह्यायचा सभाव तसा. एक डाव हो म्हटलं का संपलं. मंग ढग वाजले. साहेब तिकडच्या तिकडं गाडीत बसून गेला. ह्यायले सोड म्हनाचं राह्यलं."

"मंग?"

"मंग काय. मी भाकर घेऊन आली तं उभेच. पान्यात. डोये उघडे. सरनाच्या आगीत बी मूठ उघडली नाही बापू. तशीच जायली."

बावीस व्होल्ट. ढग परत वाजला, जवळ.

"आज कोनं काही म्हटलं का त्यायले?" सोजराबाईंनी विचारलं.

शिवमला तीनही वेळा आठवल्या. हलके दोन. मग सावकाश दोन. मग ते शेवटचे दोन, थकलेले. आणि आपलं उत्तर.

धर. धर. धर बे!

"पंजाबराव, सोडा!" तो खांबाकडं तोंड करून ओरडला. "सोडा काका! चुकलं माह्यं!"

काही झालं नाही.

"म्या रोज म्हनते," सोजराबाई म्हणाल्या. "माह्यं नाही आयकत. हुकूम तिकून आला व्हता ना." आणि त्यांनी तुरीत शिरलेल्या तारेकडं बोट केलं.

शिवम धावला.

तुरीच्या फांद्या तोंडावर सपासप लागत होत्या. मोजे केव्हा गळून पडले त्याला कळलं नाही. पावसाचे टपोरे थेंब पानांवर वाजायला लागले होते. मागून अल्तमशचा आवाज येत होता, मग यायचा बंद झाला. तो बंद झाल्यावर शिवम आणखी जोरात धावला.

पुढच्या खांबाशी रीळ तसंच टांगलेलं होतं. त्यानं उघड्या हातानं तार धरली. एवढ्या लांबून खेच पोचत नाही, हे त्याला माहीत होतं.

दोन हिसके.

काहीच नाही.

परत दोन हिसके.

तार ताठ होती. पलीकडं कोणीतरी ती धरून उभं होतं, हे हाताला कळत होतं. मासा लागल्यावर कळतं तसं.

शिवमला दम लागला होता. ओरडायचं त्याच्यात राहिलं नव्हतं. दिवसभर उन्हात मदत केलेल्या वडीलधाऱ्या माणसाला संध्याकाळी म्हणावं, तसा तो हळूच म्हणाला,

"पंजाबराव, झालं काम. लय वेळ धरलं तुमी. सोडा आता."

आणि त्यानं सावकाश दोन हिसके दिले.

तार सैल पडली…

त्याच क्षणी डोक्यावर लाइनीची गुणगुण सुरू झाली. थ्रेशर ऐकू आला. आणि तुरीपलीकडून अल्तमशची आरोळी, हसतोय की रडतोय कळू नये अशी. "सुटला! सुटला बे शिवम! सुटला!"

शिवमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तार टाकून द्यायला बोटं सैल केली.

तेव्हा तारेला हिसका बसला.

एकच.

अल्तमश आणि सोजराबाई रस्त्यावर पोचले तेव्हा शिवम खांबापाशी उभा होता. ताठ. पावसात. तार मुठीत. त्यांनी हाका मारल्या, त्यानं मान वळवली नाही. अल्तमशनं पक्कड आणून मुठीच्या दोन्ही बाजूंनी तार तोडली, त्याला उचलून गाडीत घातलं आणि गाडी सुसाट शेगावला नेली. इंजेक्शनं दिल्यावर पहाटे मूठ सैल झाली. तळहातावर एक आडवी हिरवी रेघ होती, तांब्याला चढते तशी. ती साबणानं जात नाही.

अल्तमशला मी परत परत एकच विचारलं. तुझी मूठ उघडल्यावर तू क्लिपचं काय केलं?

"फेकून देली ताई. गवतात. आन दूर झालो. मावशी माह्यापाशीच होत्या. त्या वायरले कोनीच हात लावला नाही."

मग तो हिसका कोणी दिला?

सोजराबाई म्हणतात, त्यांचे मालक गेले. त्या संध्याकाळपासून खांबाशेजारी त्यांना कोणी दिसत नाही. आता त्या निवांत कापूस वेचतात. मला त्यांनी चहा पाजला, डोक्यावरून हात फिरवला, आणि माझ्या नजरेला नजर दिली नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहावी की नाही, यावर मी बरेच दिवस अडून होते.

त्या टप्प्यातला पाइप नंतर उघडून पाहिला. इतकी वर्षं खाऱ्या मातीत, लाइनीखाली, लेपाला भोकं पडलेली. चाळण झालेली असायला हवी होती. पाइप कोरा होता. भोकांमागचं लोखंड कारखान्यातून आल्यासारखं चमकत होतं. आणि माती परत लोटली त्याच आठवड्यापासून तिथला आकडा घसरायला लागला. पाइप आता गंजतोय.

रोज नाही. काही दुपारी आकडा एकदम थांबतो, असं अल्तमश फोनवर सांगतो. शेवटचा अंकही हलत नाही. मग तो विचारतो, "शिवम कसा आहे?"

गेल्या महिन्यात मी मामाकडं गेले होते. शिवमदादा ओसरीवर खुर्चीत बसला होता. डॉक्टरांनी नसा तपासल्या, मेंदूचे फोटो काढले, कुठं काही नाही. विमलमामींनी चहा आणला. त्यानं कप घेतला, प्यायला, आणि रिकामा कप धरून बसून राहिला.

"सोड बाळा," मामी म्हणाल्या, आणि एकेक बोट उकलून कप काढून घेतला. त्यांना आता सवय झाली आहे. चमचा, दाराची कडी, मामींचा पदर. घरात दिवसभर तो एकच शब्द ऐकू येतो.

जेवणं झाली. ऊन अंगणात सरळ उतरलं. दादा माझ्याशी बरं बोलत होता, माझ्या कॉलेजचं विचारत होता.

उजवा हात गुडघ्यावर होता. करंगळी मिटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं.

मी त्याचं मनगट धरलं. हात गार होता.

"दादा, सोड," मी म्हणाले. "सोड ना रे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. मिटलेल्या मुठीनं त्यानं हवेत दोन हलके हिसके दिले. बाहीला धरून कोणाचं लक्ष वेधावं तसे. मग मान थोडी कलती करून वाट पाहत राहिला. अंगणात चिमण्या होत्या, त्या ऐकू येईनाशा झाल्या होत्या.

मी मनगट धरूनच होते. म्हणून मला खात्रीनं सांगता येतं की पुढचं त्यानं केलं नाही.

त्याची मूठ एकदा पुढं ओढली गेली. माझ्या हातासकट.

एकदाच.

"तिकून धर म्हनते," दादा म्हणाला.